नाक्यापलीकडचं पाणी

पाणी बाधतं म्हणे! डोंबलाचं बाधतंय! रत्नप्रभाबाई पहिल्यांदा आमच्या घरी आल्या, त्याच दिवशी मी सगळं ओळखलं होतं. पण आमच्या ह्यांना सांगायचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

त्या आल्या होत्या माझ्या कुंदाला बघायला. बघायला कसलं, पोरांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. त्यांचा लवू मुलुंडातल्याच एका कारखान्यात स्टोअरला होता, आणि संध्याकाळी कुंदाच्याच टायपिंग क्लासला यायचा. आम्ही बौद्ध, मूळचे साताऱ्याकडचे. ते कोकणातले मराठे. लवूचे वडील गुणाजीराव परळला मिलमध्ये होते. संप फसला, मिल गेली, तशी परळची खोली विकून त्यांनी जकात नाक्यापलीकडं ठाण्यात दोन खोल्यांचा ब्लॉक घेतला. आमचं घर नाक्याच्या अलीकडं, मुलुंडात. चालत गेलं तर मधे एक चहा प्यायला तरी थांबावं की नको, एवढंच अंतर. पण अलीकडं मुंबई आणि पलीकडं ठाणं.

मी नव्या स्टीलच्या पेल्यात पाणी दिलं, वाटीत गुळाचा खडा ठेवला. रत्नप्रभाबाईंनी आधी भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडं बघितलं, मग पेल्याकडं बघितलं. पेला उचलून खिडकीच्या उजेडाकडं धरला. त्यात काय दिसलं कोण जाणे. तसाच खाली ठेवला.

"पाणी नको हां, विहीणबाय. आमका मुंबयचा पाणी बाधता."

"मग चहा टाकते."

"चाय आताच घेतलंव आमी."

"पोहे तरी घ्या थोडे."

"उपास आसा माका."

शेवटी ताटातलं एक केळं उचललं. सालीतलं. लवूनं कोपऱ्यावरून थंडाच्या बाटल्या आणल्या, त्यातली एक गुणाजीरावांनी घटाघटा रिकामी केली. सालीतलं चालतं, झाकणातलं चालतं. आमच्या नळातलं तेवढं बाधतं.

ती मंडळी जिन्याखाली उतरायच्या आत मी ह्यांना म्हटलं, "बघितलंत? गुणाजीराव जन्मभर परळला काय समुद्राचं पाणी पीत होते? तीपण मुंबईच की!"

"अगं, आता सवय मोडली असेल. पाणी बाधतं माणसाला, शास्त्र आहे ते. जडपणा असतो, क्षार असतात, क्लोरीन कमीजास्त असतं. पोटाला कळतं."

"पोटाला नाही, डोक्याला कळलंय त्यांच्या."

"द्रौपदे, तू ना, सगळीकडं तेच बघतेस."

आता ह्यांचं सांगते, म्हणजे ह्यांना बोल लावण्याआधी माणूस कळेल. शिवदास नाव. पाणी तपासायच्या लॅबमध्ये मदतनीस. बाटल्या धुवायच्या, वाफेत शेकायच्या, गाडीबरोबर हिंडून ठिकठिकाणच्या नळांचं, टाक्यांचं पाणी भरून आणायचं. कामात एक नंबर. घरी पाहुणा आला की हवापाण्याच्या गप्पा मारतात ना लोक, आमचे हे नुसत्याच पाण्याच्या मारायचे. आणि ह्यांचे वडील, म्हणजे माझे सासरे धोंडिराम, सत्तावीस साली पायी महाडला गेलेले. तळ्यात उतरून ओंजळभर पाणी प्यायलेले. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो. मरेपर्यंत ते त्या ओंजळीची गोष्ट सांगायचे, ते पाणी जरा मचूळ होतं हेही सांगायचे. ह्यांनी त्यातून एवढंच घेतलं होतं, की झालं, ते काम संपलं.

"आबांनी ते उरकलंय," हे म्हणायचे. "आता पुन्हा पुन्हा काय तेच उगाळायचं?"

एवढ्या चांगल्या माणसाशी भांडायचं तरी कसं? मी भांडायची, तरी भांडायची.

लग्न झालं, रजिस्टर. कुंदा नाक्यापलीकडं गेली. लग्नाआधी लवू आमच्याकडं यायचा तेव्हा आल्या आल्या माठातून स्वतःच पाणी घ्यायचा, वर "मावशी, झकास गार आहे," म्हणायचा. लग्नानंतर पहिल्यांदा आला आणि मी पेला पुढं केला, तर म्हणतो कसा, "नको मावशी, आत्ताच प्यायलो." रोज दिवसभर मुलुंडच्या कारखान्यात मुलुंडचंच पाणी पिणारा पोरगा! मी पेला घेऊन आत गेले आणि मोरीत ओतला.

आम्ही त्यांच्याकडं जायचो तेव्हा पाणी द्यायच्या, नाही असं नाही. घरातली सगळी स्टीलचे पेले वापरायची. आम्हाला मात्र काचेचे दोन ग्लास. ते खिडकीत वेगळे पालथे घातलेले असायचे. मी एकदा बघितले, दुसऱ्यांदा बघितले, तिसऱ्यांदा ह्यांना कोपर मारलं. तर हे घरी येऊन म्हणतात, "किती मान ठेवतात बघ आपला. स्वतः साध्या पेल्यातून पितात, आपल्याला काचेच्या ग्लासात देतात."

कपाळ माझं! हसावं की रडावं?

कुंदाला दिवस गेले, आणि मग खरी आग लागली. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली सगळ्यांचीच रीत. आणि मी कोण? मुलुंडातल्या एका प्रसूतिगृहात आया. लोकांची पोरं मी न्हाऊ घालते. मारवाड्याची, गुजराथ्याची, ब्राह्मणाची, मराठ्याची, सगळ्यांची. ओल्या बाळंतिणी माझ्या हातचं पाणी मागून पितात. "द्रौपदीबाईच पाहिजेत आंघोळीला," असं डॉक्टरीणबाईंना सांगून ठेवतात. आणि माझ्या पोटच्या पोरीचं बाळंतपण मी करायचं नाही?

सातव्या महिन्यात साडी-चोळी घेऊन मी कुंदाला आणायला गेले. रत्नप्रभाबाईंनी साडी घेतली. मग म्हणाल्या, "तिका ह्यापुढे हलवचा नाय. पाणी बदलला तर बाळंतिणीक बाधता. पोराक पण बाधात."

"अहो विहीणबाई, ती त्याच पाण्यावर लहानाची मोठी झालीय!"

"तेवा ती तुमची होती. आता पोटात आमचा पोर आसा."

कुंदा दाराआड उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. मी तिला तिथंच ठेवून परत आले, आणि रस्ताभर रडले, अगदी खरं सांगते. रस्त्यात लोक बघत होते. बघू देत.

मुलगा झाला. नाव ठेवलं रतन, आजीच्या नावातलं. बारसं तिकडंच. मी दोन-तीनदा मांडीवर घेतला असेल तेवढाच, तेही त्यांच्या घरी, त्यांच्या डोळ्यांदेखत. मला बाकी काही नको होतं हो. नातू एकदा माझ्या घरी यावा, चार दिवस राहावा, मी त्याला पायावर घेऊन माझ्या हातानं न्हाऊ घालावं. एवढंच. जगातल्या कुठल्या आजीला हे मागावं लागतं? पण विषय काढला की ठरलेलं उत्तर. पाणी.

शेवटी मी ह्यांना सुनावलं. "तुमचं शास्त्र शास्त्र म्हणता ना? मग दाखवा सिद्ध करून. एकदा कळू दे कुणाचं पाणी बाधतंय ते."

मी टोमणा मारला होता. ह्यांनी तो खरा धरला! डोळे असे चमकले ह्यांचे, "अगं, हे मला आधी सुचलंच नाही," म्हणाले. "दोन्ही नळांचे नमुने घेतो. समोरासमोर तपासतो. नुसत्या बोलाचालीपेक्षा ते बरं."

पुढच्या रविवारी हे शेकलेल्या बाटल्या घेऊन व्याह्यांकडं हजर. मी बरोबर होतेच, रतनला बघायला मिळेल म्हणून. गुणाजीराव साधा माणूस, त्यांना गंमत वाटली. "येवा, बघा, तपासा," म्हणाले. आणि आमचे हे चपला काढून, हात धुऊन, तडक स्वयंपाकघरात.

मोरीवर पितळेचा नळ होता. ह्यांनी रीतसर काम सुरू केलं. आधी पाणी जरा वेळ वाहू दिलं. मग नळ बंद करून स्पिरिटचा बोळा चिमट्यात धरला, पेटवला, आणि त्या जाळानं नळाचं तोंड भाजायला लागले. जंतू तपासायचे असले की तसंच करतात, नाहीतर नळाच्या तोंडाची घाण बाटलीत उतरते. पण हे रत्नप्रभाबाईंना कोण सांगणार? त्या दारात उभ्या, डोळे मोठे.

"अगो बाय माझे! घराक आग लावतास काय?"

"तसं नाही हो, नळ शुद्ध करून घेतोय," हे म्हणाले.

अरे देवा! कुणाच्या घरात उभं राहून कुणी काय बोलावं! ह्यांच्या मनात काही म्हणून काही नव्हतं. बाटली भरली, बूच लावलं, चिठ्ठी डकवली, नमस्कार केला आणि निघालो. आम्ही अजून जिन्यातच होतो तर वरून घासायचा आवाज आला. खसाखसा. चिंच आणि राख घेऊन नळ घासत होत्या. नुसता नळ नाही, मोरी, कट्टा, सगळं. पाण्याचा धबधबा चालला होता.

हे थांबून ऐकत होते. म्हणाले, "काजळी लागली असेल गं. पितळेला लगेच धरते."

मी जिना उतरायला लागले.

काही दिवसांनी हे लॅबमधून आले ते उड्या मारतच. दोन्ही पाणी चांगलं. नुसतं चांगलं नाही, सारखंच. जडपणा सारखा, क्षार सारखे, सगळं सारखं. ह्यांनी साहेबांना विचारलं, असं कसं? साहेब हसले म्हणे. त्या भागाला पाणी मुंबईकडच्याच लाइनीतून जातं. "शिवदास, तुला काय वाटलं, पाणी नाक्यावर जकात भरून पलीकडं जातं?"

"एकच पाणी, द्रौपदे! एकच लाइन! आता बाधायचा प्रश्नच मिटला!"

खरं सांगू? त्या दिवशी मलाही वाटलं, मिटला. मला माहीत होतं पाण्याचं काही नाही म्हणून, तरी वाटलं. आता त्यांना सबबच उरली नाही, तर काय म्हणतील? पाठवतील पोराला. मी मनात मांडे खायला लागले. पाळणा कुठं टांगायचा ते बघून ठेवलं, तुळईला कडी होती तिला तेल घातलं, दोरी अडकवून ठेवली, मोठं पातेलं कल्हई करून आणलं. साखर नको, पेढेच घ्या म्हटलं.

गेलो पेढे घेऊन. ह्यांनी काचेच्या दोन बारक्या नळ्या नेल्या होत्या, एकीत घरून आणलेलं आमचं पाणी, दुसरीत त्यांच्यासमोर त्यांच्या नळाचं भरलं. दोन्हींत औषधाचे थेंब टाकले. क्लोरीन असलं की पाणी पिवळं होतं. दोन्ही नळ्या पिवळ्या झाल्या, लिंबाच्या सालीसारख्या, एकाच छटेच्या. हे नळ्या शेजारी शेजारी धरून सगळ्यांना दाखवत होते. लवू कौतुकानं बघत होता. कुंदाच्या कडेवर रतन, तो नळीला हात घालायला बघत होता.

गुणाजीराव म्हणाले, "म्हणजे काय शिवदासराव, तुमचा आणि आमचा पाणी एकच?"

"एकच! आमच्याकडनंच येतं तुमच्याकडं."

"आणि ह्या तपासता कोण?"

आता इथं गप्प बसायचं होतं. साहेब तपासतात म्हणायचं, सरकार तपासतं म्हणायचं, काहीही म्हणायचं. पण छाती फुगली होती ना ह्यांची! जन्मात पहिल्यांदा कुणीतरी ह्यांच्या कामाची चौकशी केली होती.

"मीच की! ह्या लाइनीच्या टाकीवर बाटली मीच बुडवतो. तुम्ही रोज जे पिता ना, त्याच्या घोटाघोटाला माझा हात लागलेला असतो म्हणा ना!" आणि खो खो हसले.

मी ह्यांचा हात दाबला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. रत्नप्रभाबाईंच्या हातात भरलेला तांब्या होता. त्या मोरीजवळ गेल्या आणि तो तांब्या त्यांनी शांतपणे पालथा केला. लवूनं खिडकीबाहेर बघितलं. कुंदा रतनला घेऊन आत गेली. पेढ्यांचा पुडा तसाच बांधलेला राहिला आणि आम्ही घरी आलो. "खूश झाले नाही गं सगळे?" हे म्हणाले.

पंधरवडाभर काही निरोप नाही. मग एके दिवशी दुपारी कुंदा दारात, कडेवर रतन! टोचायला नेलं होतं पोराला, तशीच न सांगता इकडं आली होती. माझ्या अंगात वारं शिरलं. त्याला घेऊ की कुठं ठेवू असं झालं. कुंदाच्या हातातून त्याला घेताना तिचा तळहात माझ्या हाताला लागला, खरखरीत. उलटून बघितला तर दोरीचे वळ, एक फोड फुटलेला.

"हे काय गं?"

"विहिरीचं," ती म्हणाली. "देवळामागं विहीर आहे. त्या दिवसापासून प्यायचं पाणी तिकडनं आणतो. सासूबाई म्हणतात, औषध मारलेलं पाणी पोटाला बाधतं. आमच्या गावाला विहिरीचंच पितात."

"आणतो म्हणजे कोण कोण आणतं?"

तिनं हात मागं घेतला. दोन कळशा, दोन मजले, कडेवर पोर. आणखी कोण आणणार?

हे नेमके घरीच होते. ह्यांनी काय विचारावं? "कच्चं पिता? अगं, विहिरीचं पाणी उकळून घ्या! थांब, मी तुला औषधाची पुडी देतो, घागरीत चिमूटभर—"

"बाबा, त्या औषधाला शिवणार नाहीत."

"का?"

कुंदानं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं बघितलं. हे दोघींकडं बघत राहिले.

रतनला तहान लागली असावी, ऊन मरणाचं होतं, पोर ओठ चाटत होतं. मी सकाळी उकळून गार केलेलं पाणी वाटीत घेतलं आणि चमच्यानं त्याला पाजलं. कुंदा "आई, नको" म्हणाली, पण तो असा मिटक्या मारत प्यायला की तीही हसली. माझ्या घरचं पाणी माझ्या नातवाच्या पोटात गेलं. मला काय वाटलं ते मी कुणाला सांगणार नाही.

अर्ध्या तासात ती गेलीसुद्धा. घरी जाऊन सगळं खरं सांगून टाकलं तिनं, आईकडं गेले होते म्हणून, पाणी पाजलं म्हणून. खोटं बोलायला शिकली नव्हती माझी पोर. तेव्हा तरी.

त्याच आठवड्यात रतनला जुलाब लागले, उलट्या लागल्या. लवूच्या कारखान्यातून माणूस निरोप घेऊन आला तेव्हा पोर दवाखान्यात होतं, ठाण्यातच. मी आणि हे धावत गेलो. एवढ्याशा पायाला पट्टी बांधून सलाईन लावलेलं, डोळे खोल गेलेले, रडायचीसुद्धा ताकद नाही. असली किती पोरं मी हाताळली होती, पण त्याच्या अंगाला हात लावायचं मला धाडस होईना. डॉक्टरांनी विचारलं, पाणी कुठलं पिता? लवूनं विहिरीचं सांगितलं. ते संतापले, "विहिरीचं कच्चं पाणी एवढ्या पोराला? अक्कल आहे का?"

तीन रात्री जिवावरच्या गेल्या. चौथ्या दिवशी पोरानं डोळे उघडून दूध मागितलं. वाचला.

मी घरून पेज आणि उकळलेलं पाणी थर्मासमध्ये घेऊन गेले होते. कुंदा मला वॉर्डाबाहेर घेऊन आली. तोंड उतरलेलं, केस विस्कटलेले. मला वाटलं, आता गळ्यात पडून रडेल.

"आई, एक काम करशील?"

"बोल की."

"तू म्हण, तुझ्या पाण्यानं झालं."

मला आधी कळलंच नाही. "काय म्हणू?"

"त्या दिवशी तू चमच्यानं पाजलंस ना. तेच बाधलं म्हण. सासूबाईंना जाऊन म्हण."

"कुंदा, डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना तू?"

"ऐकलं गं! सगळ्यांनी ऐकलं. लवू आईला नाही नाही ते बोलला, तुझ्या विहिरीनं पोर मारलं असतं म्हणाला. त्या तेव्हापासून जेवल्या नाहीत. मामंजी म्हणतात, सून आली आणि माझं घर फुटलं. म्हणजे शेवटी माझ्यावरच ना सगळं? बाबा त्या दिवशी ते बोलले नसते तर मी विहिरीवर गेलेच नसते." तिनं केस मागं सारले. "तू एकदा म्हणालीस की मिटेल. त्यांना तेवढंच पाहिजे."

"अगं, पण मग त्याला माझ्याकडं कधी..."

"माहितेय."

"आणि खोटं आहे हे!"

"मला कळत नाही का खोटं आहे ते? मला काय वाटतं, आपलं पाणी बाधतं? मी तुझीच आहे ना?" तिनं डोळे पुसले. "पण मला तिथं राहायचंय, आई."

राग आला. एवढा राग आला की तिच्या मुस्काटात द्यावी, आणि मग तिला कुशीत घेऊन बसावं. जन्मभर मी एक शब्द कुणाचा ऐकून घेतला नाही. चाळीत, कामावर, रेशनच्या रांगेत, कुणी वाकडं बोललं की तिथल्या तिथं फेडलं. आणि आता माझीच पोर मला म्हणत होती, वाक.

तिच्या तळहातावरचे वळ अजून तसेच होते.

रत्नप्रभाबाई वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला बाकावर बसल्या होत्या. एकट्याच. बाई वाळून गेली होती. मी जाऊन पुढ्यात उभी राहिले. हे माझ्या मागं, हातात थर्मास.

"विहीणबाई, चुकलं माझं. त्या दिवशी पोराला मी आमचं पाणी पाजलं. तेच बाधलं."

त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. त्यांना माहीत होतं मी खोटं बोलतेय. मलाही माहीत होतं की त्यांना माहीत आहे. त्यांनी मला थांबवायला पाहिजे होतं. एक शब्द बोलायचा होता फक्त. बाई बाईला म्हणते तसं, आजी आजीला म्हणते तसं.

"मी म्हणतच होतंय," त्या म्हणाल्या. पदरानं डोळे टिपले. "जावंदे. पोर वाचला ता नशीब. पण आता तेका तिकडे न्हेव नकात हां."

"नाही नेणार," मी म्हटलं.

मागून हे पुढं आले. "अगं, तू काय बोलतेस? लाइन एकच आहे! मी स्वतः तपासलंय, उकळलेलं होतं ते, त्यात..."

"तुम्ही गप्प बसा हो!"

एवढ्या मोठ्यानं ओरडले की नर्स बाहेर आली. लवू दारात उभा होता, त्यानं सगळं ऐकलं होतं. तो पुढं आला आणि आईच्या शेजारी बाकावर बसला. कुंदा आत रतनपाशी गेली. झालं, घर जुळलं त्यांचं.

बसमध्ये हे थर्मास मांडीवर धरून बसले होते. नाका आला, गेला. घरी आलो, दिवा लावला, मी कपडे बदलून आत गेले तर हे माठापाशी उभे. स्वतः पाणी घेतलं होतं, तोच पेला, रत्नप्रभाबाईंना पहिल्यांदा दिलेला. प्यायले नाहीत. पेला दिव्याच्या उजेडाकडं धरून बघत होते. नोकरीत हजारो बाटल्या अशा धरल्या असतील ह्यांनी. पण असे बघताना मी ह्यांना कधी बघितलं नव्हतं.

"द्रौपदे," म्हणाले, "पाणी नव्हतं गं ते."

तीन वर्षं मी हेच तर ओरडत होते. हेच ह्यांच्या तोंडून ऐकायचं होतं मला. आणि आता ऐकलं तर वाटलं, नको. ह्यांना पुन्हा तसंच होऊ दे, काचेच्या ग्लासाचा मान वाटणारं.

"पाणीच असेल," मी म्हटलं. "आपल्या बिल्डिंगचा पाइप जुना झालाय. तुम्ही नळाचं तपासता, पाइपाचं कोण बघतं?"

ह्यांनी मान हलवली. हो म्हणून नाही.

"आबांनी उरकलं नव्हतं काम," म्हणाले.

मी त्यांच्या हातातून पेला घेतला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. चांगलं होतं पाणी. पेला विसळून जागेवर ठेवला, आणि तुळईच्या कडीत पाळण्यासाठी अडकवलेली दोरी सोडून घेतली.